चुकांच्या शनिवारचे कडोलकर साहेब

श्री. परशराम कडोलकर साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते पोलीस ठाण्याच्या आवारात करंजाच्या झाडाखाली टेबल टाकून बसले होते, आणि मला वाटलं की हे अर्ज लिहून देणारे कुणी गृहस्थ असावेत. मी खानापूरकडची. लग्नानंतर बदली मागून बेंगळुरूला आलेली साधी हवालदार. मोडक्या कन्नडमध्ये मी त्यांनाच विचारलं, “इन्स्पेक्टर साहेब कुठे भेटतील?” त्यांनी वर पाहिलं, माझ्या बोलण्यावरून मुलूख ओळखला आणि मराठीत म्हणाले, “खानापूरकडची काय गं तू? बस की. साहेब इथंच असतात.”

साहेब झाडाखाली का, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ठाण्यात बायकांना कपडे बदलायला खोली नव्हती. माझ्याआधी आलेल्या दोघी शेजारच्या शाळेच्या मावशींच्या खोलीत जाऊन वर्दी चढवत. साहेबांनी वरच्या कार्यालयाला दोनदा लिहून पाहिलं, उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्या केबिनची किल्ली त्या दोघींच्या हातात ठेवली आणि टेबल बाहेर काढलं. तीन महिने ते तिथेच बसले. वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा त्यांनाही करंजाखालीच कॉफी मिळाली. पुढच्या आठवड्यात आमची खोली मंजूर झाली. पण तोवर साहेबांच्या लक्षात आलं होतं की झाडाखालच्या माणसाकडे तक्रार घेऊन लोक बिनधास्त येतात, केबिनमध्ये यायला कचरतात. मग टेबल बदली होईपर्यंत तिथेच राहिलं.

या वर्षी साहेबांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. आता आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंना अक्का. आपल्या मराठी मंडळाच्या गौरवग्रंथ समितीचे कौस्तुभ हे पुण्याहून आलेले, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत असतात, मोठे उत्साही. ते मला म्हणाले, “सुमनताई, अण्णांच्या टॉप टेन मर्डर केसेस लिहा ना! एकदम थ्रिलिंग होईल.” मी म्हटलं, अण्णा तो ग्रंथ हातात घेणार नाहीत. गुन्हे शाखेत आयुष्य काढून सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाची पदकं अक्कांच्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली पडलेली आहेत. तेव्हा मी टॉप टेन लिहीत नाही. एकच लिहिते, आणि ती अण्णांची सर्वांत मोठी चूक आहे. तिच्यात माझाही वाटा आहे.

पण आधी त्यांच्या चांगुलपणाबद्दल, कारण त्या चुकीची सुरुवात चांगुलपणातूनच झाली. माझं शिक्षण मराठी शाळेतलं. कन्नड बोलायला मी महिन्यात सरावले, पण ठाण्याचं कन्नड म्हणजे काय थट्टा आहे? घटनास्थळाचा पंचनामा, ज्याला इकडे महजर म्हणतात, तो लिहायला बसले की मला घाम फुटे. एका पानाला मी दोन तास लावायची आणि बाकीचे कर्मचारी एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. अण्णांनी एक दिवस मला बोलावलं आणि एक निळी फाइल हातात दिली. सुवाच्य अक्षरातले, उत्तम भाषेतले जुने महजर त्यांनी स्वतः निवडून तिच्यात लावले होते. म्हणाले, “हे समोर ठेव आणि बघून लिही. सहा महिन्यांत तू यांना शिकवशील, बघ की.” तसंच झालं. वर्षाच्या आत साहेब माझे महजर इतरांना नमुना म्हणून दाखवू लागले. ती फाइल मी देवघरात ठेवायची तेवढी बाकी ठेवली होती.

त्यांच्या ठाण्यात कुणावर हात उगारायची सोय नव्हती. एकदा एका कर्मचाऱ्याने साखळीचोर म्हणून पकडलेल्या माणसाला दोन थपडा लगावल्या आणि पाच मिनिटांत कबुली मिळवून छाती फुगवून आला. अण्णांनी त्या माणसाला समोर बसवून सहज विचारलं, “आणि गेल्या महिन्यात विमानतळावरचं विमान कुणी पळवलं?” तो बिचारा म्हणाला, “मीच, साहेब.” सगळं ठाणं हसलं. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या कर्मचाऱ्याला शांतपणे सांगितलं की आता विमानही तूच शोधून आण. त्या दिवसापासून आमच्याकडची काठी फक्त गेट अडवायला वापरली गेली.

निवृत्तीनंतर अण्णा यशवंतपुरात, घाऊक बाजाराच्या अलीकडे राहायला गेले. जुने सहकारी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी त्यांच्याकडे जमू लागले. कॉफी, अक्कांच्या हातचा उपमा आणि तोंडभर फुशारकी, असा कार्यक्रम. मी त्या वेळी नोकरीत होते, पण सुट्टी असली की जायची. कुणी खुनी कसा पकडला, कुणी टोळी कशी फोडली, हे ऐकून ऐकून एका शनिवारी अक्का उपम्याचं पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या शूरपणाच्या गोष्टींनी माझे कान किटले. इतकी वर्षं नोकरी केलीत, तुमचं कधी चुकलंच नाही काय?”

उपमा निवला. अण्णा पुढचे दोन दिवस घरातही फारसे बोलले नाहीत, असं अक्का सांगतात. मग त्यांनी सगळ्यांना फोन करून नियम कळवला: पुढच्या महिन्यापासून ज्याला बोलायचं आहे त्याने ‘माझं चुकलं ते असं’ या वाक्याने सुरुवात करायची. खून, दरोडा, अपहरण, काहीही चालेल. पण आपण कुठे घसरलो ते आधी सांगायचं. आणि ज्याच्या तोंडून ‘आमच्या काळात’ हे शब्द निघतील त्याने सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या.

असा ‘चुकांचा शनिवार’ सुरू झाला. पहिल्या वर्षी कपबश्या बहुतेक वेळा निवृत्त उपअधीक्षक गौडा साहेबांनीच विसळल्या. त्यांच्या आवाजाला एके काळी अख्खा बाजार थरथरत असे, पण अक्का त्यांना “तळाला साबण राहिलाय, गौड्रे,” असं सुनवायच्या आणि ते मुकाट्याने परत विसळायचे. हळूहळू मात्र खरं बोलणं सुरू झालं. एकांनी सांगितलं की त्यांनी साक्षीदाराला प्रश्न विचारतानाच उत्तर पुरवलं होतं. दुसऱ्यांनी सांगितलं की मृताच्या आईला त्यांनी चार तास बाकावर बसवून ठेवलं, आणि त्या चार तासांत सांगण्यासारखं जे होतं ते ती माउली विसरून गेली. सेवेतले तरुण अधिकारीही वही घेऊन येऊ लागले. प्रशिक्षणात जे शिकवत नाहीत ते इथे शिकायला मिळतं, असं त्यांचं म्हणणं. अण्णा कुणाला झोडपत नसत. फक्त विचारत, “मग आता तसंच घडलं तर काय करशील?” आणि उत्तर येईपर्यंत थांबत. त्यांच्या थांबण्याची सवय नसलेले लोक घाबरून खरंच सांगून टाकायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी आमच्या वेळचे पोलीस छायाचित्रकार फर्नांडिस जुन्या छोट्या फोटोंच्या पट्ट्यांचं खोकं घेऊन आले. घर बदलताना माळ्यावर सापडलं म्हणाले. त्यांतली एक पट्टी सुशीलामावशींच्या खुनाची होती.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची ही केस. सुशीलामावशी यशवंतपूरच्या बाजारामागच्या एका गल्लीत खानावळ चालवायच्या. रेल्वेतले, बाजारातले मराठी लोक त्यांच्याकडे जेवत. एका दुपारी त्या घरात मारलेल्या स्थितीत सापडल्या, कपाट उघडं. त्यांच्याबरोबर त्यांचा भाचा सदानंद राहायचा, सव्वीस वर्षांचा सुतार. पुढच्या दाराच्या कुलपाच्या किल्ल्या दोनच, एक मावशींकडे, एक भाच्याकडे. कुलूप शाबूत होतं. महजरात वाक्य होतं: ‘मागील दार व त्याची कडी सुस्थितीत आहे.’ म्हणजे जो आला तो किल्लीने आला किंवा घरातलाच होता. समोरच्या पार्वतक्कांनी जबाब दिला की दुपारी आत जाताना फक्त सदानंद दिसला. अण्णांनी सदानंदना अटक केली, गल्लीतून चालवत ठाण्यात आणलं. वर्षाहून अधिक काळ ते तुरुंगात होते. शेवटी कोर्टाने संशयाचा फायदा देऊन सोडलं. आणि संशयाचा फायदा मिळालेल्या माणसाला संशय जन्मभर पुरतो, हे पोलिसांइतकं कुणाला ठाऊक असेल? गल्लीने त्यांना घरात घेतलं नाही. ते कुठेतरी निघून गेले. केस तशीच पडून राहिली.

फर्नांडिसनी पट्टी भिंगाखाली धरली. केसच्या कागदांत लागलेले फोटो आम्ही पाहिलेले होते. हा त्यांत नव्हता. मागचं दार उघडून भिंतीला टेकलेलं, आणि चौकटीवरचा कोयंडा स्क्रूंसकट उपटून एका बाजूला लोंबत होता. कुणीतरी मागून दार ढकलून आत शिरलं होतं. भिंग एकेकाच्या हातातून फिरत माझ्याकडे आलं. “हा महजर कुणी लिहिला होता?” गौडा साहेबांनी विचारलं.

मी लिहिला होता. “मागचं दार बघून घे आणि लिही,” असं अण्णांनी तेव्हा मला सांगितलं होतं. घरात ही गर्दी. मी लांबून एक नजर टाकली, दार दिसलं, चौकट पाहिली नाही. लिहायला बसले संध्याकाळी ठाण्यात, निळी फाइल समोर ठेवून. त्या फाइलीतल्या प्रत्येक महजरात ते वाक्य होतं, दाराचं आणि कडीचं. मी ते डौलदार अक्षरात उतरवून काढलं. एका माणसाचं आयुष्य उलथून टाकायला मला एक ओळ पुरली, आणि त्या ओळीचं नंतर कौतुकही झालं होतं.

मी पर्स उचलून निघून गेले. पुढचा महिनाभर अण्णांचे फोन घेतले नाहीत. नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती आणि मला वर्दी अंगावर चढवावीशी वाटेना. पुढच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी अण्णा आणि अक्का स्वतः माझ्या दारात हजर. अक्का म्हणाल्या, “साडी नेस, चल. आज यांची पाळी आहे.” मला नाही म्हणता आलं नाही. त्या दिवशी खोली तरुण अधिकाऱ्यांनी भरलेली होती. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, “माझं चुकलं ते असं. या बाईंना कन्नड लिहायला जड जायचं. मी त्यांना लिहायला शिकवलं, बघायला शिकवलं नाही. तयार वाक्यं हातात दिली आणि ती खरी मानून मी माणूस आत टाकला. माझे डोळे कुठं गेले होते? महजर जागेवर बसून लिहायचा हा नियम मला माहीत नव्हता काय? या बाईंनी माझं ऐकलं, एवढाच यांचा दोष.” माझं नावही त्यांनी घेतलं नाही. मी मागच्या रांगेत बसून रडले, ते सांगायला मला आज लाज वाटत नाही.

पुढचं काम सेवेतल्या अधिकाऱ्यांनी केलं आणि मनापासून केलं. कपाटावरचा एक ठसा त्या वेळी कुणाशीच जुळला नव्हता. आम्ही तो खानावळीतल्या कुणा गिऱ्हाइकाचा समजून सोडून दिला होता. आताच्या यंत्राने तो जुळवून दाखवला. मागच्या दाराचे कोयंडे उपटून घरं फोडणाऱ्या एका सराईत चोराचा तो निघाला. तो मरूनही बरीच वर्षं झाली होती. खात्याने तसा अहवाल कोर्टात दिला आणि सदानंदना कळवण्यासाठी पत्र तयार केलं. ते टपालाने जायचं होतं. अण्णा म्हणाले, “धरून आणलं तेव्हा टपालाने आणलं नव्हतं. मी घेऊन जातो.”

सदानंद बेळ्ळंदूरला राहतात, हे शोधायला आम्हाला फारसे दिवस लागले नाहीत. तिथल्या उंच इमारतींतल्या फ्लॅटवाल्यांची स्वयंपाकघरं ते बनवतात. स्वतःचा कारखाना आहे, पत्नी आणि कॉलेजात जाणारी मुलगी आहे. आम्ही दोघं टॅक्सीने निघालो आणि रिंग रोडवर जे अडकलो ते अडकलोच. अण्णांनी खिशातून कागद काढून माफीची तालीम सुरू केली. “तत्कालीन परिस्थितीत उपलब्ध पुराव्यांच्या आधारे...” मी म्हटलं, “अण्णा, हे शपथपत्र झालं.” त्यांनी दुसरा कागद काढला. त्यात सुरुवातीला खात्याचा इतिहास होता. तिसऱ्या मसुद्यात तर देवही आला. टॅक्सी दहा फूट पुढे सरके आणि अण्णा एक वाक्य खोडत. ज्यांनी नामचीन गुंडांना समोर बसवून घाम फोडला, त्यांच्या स्वतःच्या कपाळावर थेंब जमले होते. शेवटी हुबळीकडच्या ड्रायव्हरला राहवलं नाही. “सार, मी मधेच बोललो तर रागावू नका. स्वल्प कमी बोला. चुकलं म्हणा आणि गप्प बसा. माझी बायकोसुद्धा तेवढंच मागतीया.” अण्णांनी तिन्ही कागद घडी करून माझ्या पर्समध्ये टाकले आणि म्हणाले, “सरी, ठीक आहे.”

सदानंदनी अण्णांना दारातच ओळखलं. हातातली मोजायची टेप त्यांनी खाली ठेवली नाही. अण्णा उभे राहूनच म्हणाले, “सदानंद, मी कडोलकर. तुम्ही काही केलं नव्हतं. मी चुकलो.” आणि गप्प बसले. सदानंदनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, “मी सुतार माणूस. कोयंडा उपटलाय हे मी त्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंत,” अण्णा म्हणाले. “आणि मी म्हटलं होतं, विचारलंय तेवढं सांग.”

“मला मारलं मात्र नाहीत. सगळे तेच सांगतात, साहेबांनी हात नाही लावला. जसं काय बक्षीसच दिलं.”

मग मीही बोलले. ते वाक्य माझं होतं, म्हणाले. सदानंदच्या पत्नी पाणी घेऊन आल्या होत्या, त्या तशाच ट्रे धरून उभ्या. शेवटी सदानंद म्हणाले, “हे इथं सांगून काय उपयोग? बेळ्ळंदुरात मला कुणी खुनी म्हणत नाही. जिथून चालवत नेलंत तिथं जाऊन सांगा. एकेका दारात.”

अण्णा लगेच म्हणाले, “रविवारी चालेल?”

ही गोष्ट बोलायला सोपी आहे. ती गल्ली अण्णांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथे ते रोज भाजी घ्यायचे, लोक उठून नमस्कार करायचे, पोरांची भांडणं त्यांच्याकडे सोडवायला यायची. आयुष्यभर कमावलेली पत त्यांना त्याच गल्लीत स्वतःच्या हाताने खाली ठेवायची होती. गौडा साहेबांनी फोनवर अर्धा तास आरडाओरडा केला. खात्याची लाज जाईल, पत्र दिलंय तेवढं पुरे, म्हणाले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गौड्रे, तुम्ही येताय ना?” गौडा साहेब आले. इस्त्रीचा शर्ट घालून सर्वांच्या आधी आले.

रविवारी सकाळी दहा वाजता गल्लीच्या तोंडाशी आम्ही जमलो. सदानंदबरोबर त्यांच्या पत्नी आणि मुलगी होत्या. अण्णा त्यांना म्हणाले, “त्या दिवशी पुढं मी होतो. आज तुम्ही पुढं चाला.” पहिलं दार एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं. काउंटरवरच्या मुलीने एवढी माणसं पाहून विचारलं, “अंकल, इलेक्शन आहे का?” अण्णा म्हणाले, “नाही गं बाळ. मी इथं एकदा खोटं पसरवलं होतं, ते परत घ्यायला आलोय.” आणि त्यांनी सगळं सांगितलं, मी कडोलकर, हे सदानंद, यांना मी खुनी म्हणून नेलं, यांनी काही केलेलं नव्हतं. दुसऱ्या दारात उत्तरेकडचे चार तरुण भाडेकरू होते, त्यांना हिंदीत सांगितलं. तिसऱ्या दारात कन्नडमध्ये. चौथ्या दारातल्या आजोबांना ऐकू कमी येत होतं, तर अण्णांनी एवढ्या मोठ्याने सांगितलं की पुढच्या चार घरांचं काम परस्पर झालं. तरी ते त्या चारही दारांत थांबले. गुडघा दुखत होता, पण बसायला मोढा दिला तर बसले नाहीत.

गल्लीत जुनी माणसं थोडीच उरली होती. पण पार्वतक्का होत्या. ऐंशीच्या पुढच्या, ओट्यावर बसलेल्या. अण्णा जवळ गेले तर त्यांनी हात हलवून त्यांना बाजूला केलं आणि सदानंदना खूण करून समोर बोलावलं. “ऐकलं मी सगळं,” त्या म्हणाल्या. “सुटून आला होतास तेव्हा मी दार लावून घेतलं होतं रे.” पार्वतक्कांनी आत हाक मारली, “सुनबाई, कॉफी टाक. याला दोन चमचे साखर लागते.” एवढ्या वर्षांनी ती साखर लक्षात ठेवणारी बाई आणि कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरणारा तो सुतार, हे दोघं ओट्यावर शेजारी बसले, आणि मग आम्हा कुणाचीच तिथे गरज उरली नाही. अण्णा रस्त्यापलीकडे उभे राहून डोळे पुसत होते. गौडा साहेब त्यांच्या पाठीवर हात ठेवून घसा खाकरत होते. सदानंदची मुलगी तेवढी हसत होती. तिने आपल्या वडिलांना कुणाच्या ओट्यावर निवांत बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

अण्णांची पत गेली का? दुसऱ्या दिवशी भाजीवालीने त्यांना कोथिंबीर जास्त दिली, एवढंच मला ठाऊक आहे. पण अण्णांनी चूक कबूल केली त्या शनिवारनंतर आमच्या ओळखीच्या ठाण्यांतले तरुण अधिकारी महजर जागेवर बसून लिहू लागले, आणि त्यांतल्या एकीने मला सांगितलं की आता ती चौकटीला हात लावून पाहिल्याशिवाय दाराबद्दल एक अक्षर लिहीत नाही. सदानंदही आता शनिवारी येतात. पहिल्यांदा आले तेव्हा नवीन अधिकाऱ्यांसमोर बसले आणि म्हणाले, “मला आरोपी समजा आणि विचारा. मी कधी बोलायचं थांबतो ते बघा.” तो तास ज्यांनी पाहिला ते तो विसरणार नाहीत. मधल्या वेळेत ते अण्णांच्या घरातली कपाटं तपासतात आणि त्यांत काय काय चुकलंय ते मोठ्याने सांगतात. अण्णा निमूट ऐकून घेतात, अक्का पदराआड हसतात. पाहुण्यांना वाटतं, हे दोघं जुने सोबती असावेत.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी सदानंदना फोन केला. विचारलं, “तुमचं नाव बदलून लिहू का?” ते म्हणाले, “बदलू नका. त्या वेळी पेपरात बापाच्या नावासकट छापलं होतं. तसंच छापा.” तेव्हा लिहिते: श्री. सदानंद महादेव गावडे यांनी काही केलेलं नव्हतं. हे मी या वेळी नीट पाहून लिहिलं आहे.

अण्णा, तुमच्या पंचाहत्तरीला आम्हा सगळ्यांची मनापासून प्रार्थना आहे की तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, गुडघा चालता राहो आणि अक्कांची साथ असो. गावड्यांनाही मी विचारलं, तुमच्याकडून काय शुभेच्छा लिहू? ते म्हणाले, “लिहा की मी त्यांना माफ केलंय का, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. ठरेपर्यंत त्यांनी जगायला पाहिजे. आणि सांगा त्यांना, मी काही घाई करणार नाही.”